त्या बारीक अक्षरातल्या जाहीर नोटिसा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर रोज जाहीर नोटिसा येतात ना, एकदम बारीक अक्षरात, चौकोनात कोंबलेल्या, "तमाम लोकांस कळविण्यात येते की" अशी सुरुवात असलेल्या, त्या बहुतेक लोक वाचतच नाहीत. मी आधी त्या वाचते आणि मग पहिलं पान. कारण 2016 साली अशाच एका चौकोनात माझ्या मिस्टरांचं नाव आलं होतं, मयत सभासद म्हणून, आणि खाली लिहिलं होतं की सदर सदनिकेवर कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास इतक्या दिवसांच्या आत पुराव्यासह कळवावे. ज्या घरात मी रोज दिवा लावत होते त्या घरावर कोणाचा हक्क आहे का असं पेपरातून जगाला विचारलं जात होतं. तेव्हा खूप लागलं मनाला. आज मी स्वतः आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि अशा नोटिसांवर माझी सही असते, म्हणून हे पत्र.

मिस्टर गेले तेव्हा 49 वर्षांचे होते. मुलगा 20, मुलगी 15. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, लोन फिटलेलं, त्यामुळे आम्हाला वाटायचं आता घराचं काही टेन्शन नाही. सोसायटीत नॉमिनेशन फॉर्म भरलेला नव्हता आणि मृत्युपत्राचा तर विषयच कधी निघाला नव्हता, 49 व्या वर्षी कोण काढतं तो विषय. मला वाटलं मी बायको आहे म्हणजे घर आपोआप माझं, एक अर्ज दिला की झालं. तेव्हाचे सेक्रेटरी काका भले होते, त्यांनी बसवून नीट सांगितलं की नॉमिनी नाही त्यामुळे दोन पेपरात नोटीस द्यावी लागेल, तुमचा इंडेम्निटी बॉण्ड (पुढे कोणी दावा केला तर नुकसान मी भरून देईन असं हमीपत्र) लागेल आणि सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र लागेल. मी म्हटलं सगळे वारस म्हणजे मी आणि मुलंच ना. तर म्हणाले, आणि तुमच्या सासूबाई.

हे मला माहीतच नव्हतं आणि मी पैजेवर सांगते की हे पत्र वाचणाऱ्या निम्म्या लोकांनाही माहीत नसेल. हिंदू वारसा कायदा 1956 चा आहे, त्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत. म्हणजे आमच्या घराचे चार भाग झाले, पाव माझा, पाव मुलाचा, पाव मुलीचा आणि पाव सासूबाईंचा.

सासूबाई म्हणाल्या, मला काय करायचाय गं फ्लॅट, कुठे सही करायची ते सांग. इतक्या सरळ. पण तेव्हा घरात दुःख होतं, मुलीची दहावी होती, आज करू उद्या करू करता करता आठ महिने गेले आणि सासूबाईही गेल्या. सही राहिली ती राहिलीच. आता त्यांचा तो पाव हिस्सा पुढे त्यांच्या वारसांकडे, त्याचे तीन भाग, एक माझ्या दिरांचा, एक नणंदेचा, एक माझ्या दोन मुलांचा मिळून, कारण त्यांचे वडील आधी गेलेले म्हणून वडिलांच्या जागी ती. म्हणजे माझ्या नवऱ्याने स्वतःच्या पगारातून हप्ते भरून घेतलेल्या घरात आता बारावा हिस्सा दिरांचा आणि बारावा नणंदेचा. बारावा म्हणजे किती, तर स्वयंपाकघराच्या ओट्याएवढा असेल, पण त्याच्याशिवाय पूर्ण घर कोणाच्याच नावावर होत नाही.

दिरांनी त्याच आठवड्यात होकार दिला. नणंद परदेशात, तिचाही होकार, फोनवर रडली बिचारी की वहिनी मला नको काही. पण होकार फोनवर चालत नाही. हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद, रजिस्टर करावं लागतं, त्यासाठी एक तर तिने स्वतः यायचं नाहीतर तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन मुख्त्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करून पाठवायचं, मग ते इथे आल्यावर त्यावर स्टॅम्प भरायचा. तिचं पहिलं मुख्त्यारपत्र परत गेलं कारण पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव आणि आमच्या कागदात माहेरचं नाव. या एका सहीसाठी चौदा महिने गेले.

आणि तेवढ्यात मला मुलाच्या फीसाठी हे घर विकून छोटं घर घ्यायचं होतं तर वकील म्हणाले की मुलगी अज्ञान आहे, म्हणजे 18 च्या आतली, तिचा हिस्सा तुम्ही आई असलात तरी कोर्टाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाही. हाही 1956 चाच दुसरा कायदा, अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा. कायदा चांगल्यासाठी आहे हे मला आता कळतं, उद्या एखादा बाप पोरीचा हिस्सा विकून मोकळा होऊ नये म्हणून आहे, पण तेव्हा मला वाटलं माझ्याच पोटच्या पोरीसाठी मी जजला विचारायचं? अर्ज करून निकाल येईपर्यंत ती 18 ची होईलच असं वकिलांचं म्हणणं पडलं, म्हणून थांबलो. शैक्षणिक कर्ज काढलं.

एकूण साडेतीन वर्षं. आणि संपादक महोदय, यात कोणी भांडलं नाही, कोणी फसवलं नाही, कोणाच्या मनात पाप नव्हतं. सगळी माणसं चांगली होती तरी साडेतीन वर्षं लागली. लोक मला म्हणतात आमच्याकडे काय भांडणं होणार नाहीत हो, आमची मुलं तशी नाहीत, म्हणून मृत्युपत्राची गरज नाही, त्यांना मला हेच सांगायचं असतं की चांगली माणसंही मरतात, परदेशात असतात, लहान असतात, आजारी असतात. मिस्टरांनी एका कागदावर चार ओळी लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या असत्या ना, तर यातलं जवळजवळ काहीच झालं नसतं.

विम्याचं वेगळंच. पॉलिसी लग्नाआधीची, नॉमिनी आई. नंतर बदलायचं राहून गेलं. आता विम्याच्या कायद्यात 2015 मध्ये बदल झालाय, त्यानुसार नॉमिनी जर आईवडील, नवरा बायको किंवा मुलं असतील तर ती रक्कम त्यांचीच होते, ते नुसते सांभाळणारे राहत नाहीत. म्हणजे कायद्याने ते सगळे पैसे सासूबाईंचे. पैसे जमा झाले त्याच दिवशी त्या मला हाताला धरून बँकेत घेऊन गेल्या आणि सगळी रक्कम माझ्या खात्यावर वळवली. ती माऊली होती म्हणून. सगळ्यांच्या नशिबी अशी सासू नसते, म्हणून लग्नाआधी काढलेल्या प्रत्येक पॉलिसीवर, पीएफवर, बँक खात्यावर कोणाचं नाव आहे ते आजच बघा.

2019 मध्ये मी सेक्रेटरी झाले. कोणी हे काम घ्यायला तयार नव्हतं आणि मला वाटलं ज्या टेबलासमोर मी रडले त्या टेबलाच्या पलीकडे आपण बसलो तर निदान समोरच्याला नीट सांगता तरी येईल. आमच्या इमारतीत 28 फ्लॅट आहेत. आता रिडेव्हलपमेंटचं बोलणं चालू आहे आणि यादी काढायला बसलो तर 28 पैकी 5 फ्लॅट अजून मयत माणसांच्या नावावर! बिल्डरबरोबर नव्या घराचा करार करायचा तर त्यावर सही कोण करणार, बांधकाम चालू असतानाच्या भाड्याचे चेक कोणाच्या नावाने निघणार, नवीन फ्लॅट कोणाच्या नावाने होणार. पाच घरांमुळे तेवीस घरं थांबणार अशी वेळ आलीये.

या पाचपैकी तिघांकडे नॉमिनेशन आहे, आणि खरी गंमत नाही, खरं दुःख इथेच आहे. एका घरात वडिलांनी धाकट्या मुलाचं नाव फॉर्मवर दिलं होतं, तो त्यांच्याजवळ राहायचा, आजारपण त्यानेच काढलं. मोठा मुलगा आणि दोन मुली लांब. वडील गेल्यावर धाकटा मृत्यूचा दाखला घेऊन आला, म्हणाला शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढवा, बाबांनी मला दिलाय फ्लॅट. मी त्याला सांगितलं की सोसायटी तुला तात्पुरता सभासद करेल, मेन्टेनन्स तू भर, मीटिंगला ये, पण घराचा मालक कोण हे नॉमिनेशनने ठरत नाही, ते वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतं. आपल्या राज्याच्या सहकार कायद्यात 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं त्यात हे स्पष्ट लिहिलंय, खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. तो माझ्यावर खूप चिडला. मला त्याचा राग नाही आला, वाईट वाटलं, कारण वडिलांच्या मनात कदाचित त्यालाच घर द्यायचं असेल. पण मनातलं मनातच राहिलं, कागदावर आलं ते नुसतं नॉमिनेशन, आणि आता तो चार वारसांपैकी एक आहे.

नॉमिनी म्हणजे पैसे किंवा वस्तू ताब्यात घेऊन खऱ्या वारसांना द्यायची जबाबदारी असलेला माणूस, हे सुप्रीम कोर्टाने 1983 मध्ये विम्याच्या केसमध्ये सांगितलंय (विम्याचा नियम नंतर बदलला तो वर लिहिला), आणि डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीतही तेच सांगितलं. बँकेतही तसंच. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, टक्केवारी ठरवून देता येते, ही चांगली सोय झाली, पण त्यामुळे लोकांना आणखीनच वाटायला लागलंय की टक्के लिहिले म्हणजे वाटणी झाली. नाही झाली हो. बँक पैसे देऊन मोकळी होते एवढंच, नंतर वारस नॉमिनीकडे मागू शकतात. नॉमिनेशन करूच नका असं मी अजिबात म्हणत नाही, नॉमिनेशन नसलं की काय होतं ते मी भोगलंय, पण नॉमिनेशन आणि मृत्युपत्र दोन्ही हवं आणि दोन्हीत नाव शक्यतो एकच हवं.

मृत्युपत्र म्हटलं की लोकांना वाटतं वकील पाहिजे, स्टॅम्प पेपर पाहिजे, नोटरी पाहिजे, कोर्टात जावं लागतं, श्रीमंतांची कामं ती. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी लागतच नाही. साध्या कोऱ्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं चालतं. 18 वर्षं पूर्ण असलेला आणि मन ठिकाणावर असलेला कोणीही करू शकतो. तुम्ही सही करायची, दोन साक्षीदारांनी ती सही करताना बघायची आणि मग त्यांनी तुमच्या समोर सह्या करायच्या, 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात एवढंच मागितलंय. आत काय लिहिलंय ते साक्षीदारांना दाखवायची गरज नाही, त्यांनी फक्त सही बघायची असते. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, उद्या कोणी बोट दाखवेल. आणि साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान घ्या, हे माझं कळकळीचं सांगणं आहे, कारण वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं, आणि आमच्याकडे एका आजोबांचे दोन्ही साक्षीदार त्यांचे मित्र होते, आजोबांच्या आधीच गेले.

रजिस्टर करणं सक्तीचं नाही. तरी करा असं मी म्हणेन. दुय्यम निबंधकाकडे जाऊन कधीही करता येतं, कागद हरवला तरी तिथे नोंद राहते, आणि तुम्ही स्वतः जाऊन केलं याचा पुरावा राहतो. पण रजिस्टर केलं म्हणजे दगडावरची रेघ झाली असंही समजू नका, शेवटचं जे मृत्युपत्र असेल ते धरलं जातं, आधीचं रजिस्टर असलं आणि नंतरचं साध्या कागदावर असलं तरी नंतरचंच. म्हणून बदललं की जुनं रद्द केल्याचं पहिल्याच ओळीत लिहा आणि तारीख घाला. वय जास्त असेल किंवा तब्येत बरी नसेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा की शुद्धीवर आहेत, समजतंय. नंतर जी भांडणं होतात त्यातली निम्मी "बाबांना तेव्हा काही कळत नव्हतं" यावरच होतात.

लिहिताना लोक कुठे चुकतात ते सांगते, कारण गेल्या काही वर्षांत मी बरेच कागद बघितलेत. "माझी सर्व मिळकत मुलांना समान" एवढंच लिहितात. घर एकच आहे, दोन मुलं, समान म्हणजे काय भिंत घालायची? त्यापेक्षा घर एकाला आणि एफडी दुसरीला, किंवा घर विकून पैसे निम्मे, असं स्पष्ट लिहा. फ्लॅट नंबर, शेअर सर्टिफिकेटचा नंबर, जमीन असेल तर गट नंबर लिहा. मुलगी माझ्या आधी गेली तर तिचा वाटा कोणाला ते लिहा. आणि शेवटी एक ओळ नक्की, की यात उल्लेख राहून गेलेलं किंवा पुढे माझ्या नावावर येणारं जे काही असेल ते अमुक व्यक्तीला. ही एक ओळ नसली की एखादं विसरलेलं खातं निघतं आणि परत सगळे वारस, परत सगळ्या सह्या. प्रत्येक पानावर सही करा, खाडाखोड करू नका, केलीच तर तिथेही तुमची आणि साक्षीदारांची सही हवी. नवरा बायकोने दोघांचं मिळून एकच मृत्युपत्र करायचा मोह होतो, त्यापेक्षा दोघांनी वेगवेगळं करा, एक गेल्यावर दुसऱ्याला बदलता येतं का यावरून गोंधळ होत नाही. आणि हे सगळं अमलात आणणारी एक व्यक्ती नेमा, व्यवस्थापक, जिच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. लहान मुलं असतील तर पालक कोण तेही त्यातच लिहिता येतं, तरुण आईबापांनो हे वाचताय ना?

मुस्लिम कुटुंबांना वेगळा नियम आहे, वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशच मृत्युपत्राने देता येतं, तेव्हा त्यांनी त्या कायद्याच्या जाणकाराला विचारूनच करावं.

आता बायकांबद्दल. हा भाग जरा मोठा झाला तरी कृपया कापू नका. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक ताई आहेत, नोकरी करून स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेतला, मूलबाळ नाही, यजमान वारले. त्यांना वाटायचं आपल्या मागे धाकट्या बहिणीला जाईल. मी त्यांना कायद्याचं कलम दाखवलं तर त्यांचा विश्वासच बसेना. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर आधी मुलं आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि त्यांच्यानंतर तिचे स्वतःचे आईवडील. बहीणभाऊ आणखी मागे. आईवडिलांकडून वारशाने आलेलं असेल तर ते मूल नसल्यास वडिलांच्या वारसांकडे परत जातं, पण स्वतः कमावलेलं मात्र सासरच्या वारसांकडे. म्हणजे ज्या पुतण्याला त्यांनी वीस वर्षांत बघितलं नाही तो पुढे, आणि रोज फोन करणारी बहीण मागे. त्या ताईंनी पंधरा दिवसांत मृत्युपत्र केलं. कमावत्या बायकांनी, एकट्या राहणाऱ्या बायकांनी, विधवांनी हे कलम एकदा कोणाकडून तरी समजून घ्यावं, माझी हात जोडून विनंती आहे.

आणि मुलींचा हिस्सा. 9 सप्टेंबर 2005 च्या बदलानंतर वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाएवढाच हक्क आहे, आणि सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला सांगितलं की त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. तरी अजून घराघरात लग्नात दिलं ना सगळं म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात, तीही कागद न वाचता देते. तिला द्यायचं नसेल असं तिने स्वतः ठरवलं तर गोष्ट वेगळी, पण निदान कशावर सही करतेय ते तिला वाचून तरी दाखवा.

काही जण म्हणतात मृत्युपत्राची भानगडच नको, जिवंतपणीच मुलाच्या नावावर करून टाकतो. आपल्या राज्यात राहतं घर नवरा बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे, म्हणून हे फार सोपं वाटतं. पण बक्षीसपत्र केलं की त्या क्षणी घर तुमचं राहत नाही. मृत्युपत्र तुम्ही दहा वेळा बदलू शकता, बक्षीसपत्र मनाला आलं म्हणून मागे घेता येत नाही. करायचंच असेल तर त्यात स्पष्ट लिहा की आम्हाला शेवटपर्यंत या घरात राहू द्यायचं आणि सांभाळायचं या अटीवर देतोय. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात सोय आहे, अट पाळली नाही तर न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं, आणि जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र याच कायद्याखाली रद्द ठरवलंय. पण अटच लिहिलेली नसेल तर सिद्ध करता करता म्हातारपण संपतं. माझं स्पष्ट मत आहे की आपलं राहतं घर हयातीत कोणाच्याही नावावर करू नये, कितीही गुणाचं मूल असलं तरी.

दोघांची नावं आहेत म्हणून निश्चिंत असणारेही खूप. फ्लॅटवर दोघांची नावं असली तरी एक गेल्यावर त्याचा हिस्सा सहसा त्याच्या वारसांकडे जातो, दुसऱ्याच्या नावावर आपोआप चढत नाही. बँकेतलं आयदर ऑर सर्व्हायवर खातंसुद्धा, राहिलेल्याला पैसे काढता येतात एवढंच. आणि मुख्त्यारपत्र तर देणारा माणूस गेला त्या क्षणी संपतं. माझ्याकडे एक मुलगा आला होता, बाबांनी मला पॉवर ऑफ अॅटर्नी दिलीये म्हणत, आणि बाबा जाऊन महिना झालेला. त्या कागदावर त्याने सही करून ठेवली असती तर तो उलट अडचणीत आला असता.

गावाकडे जमीन असेल तर वारस नोंद तीन महिन्यांच्या आत कळवायची असते, कित्येक घरात आजोबांचंच नाव सातबाऱ्यावर आहे, तीन पिढ्या झाल्या. 2025 मध्ये सरकारला जिवंत सातबारा मोहीमच काढावी लागली इतकी मयत नावं होती. आणि सातबाऱ्यावर नाव आलं म्हणजे मालकी पक्की झाली असंही नाही, ती महसुलाची नोंद आहे, पण तीही नसली तर पुढचं काहीच हलत नाही.

टॅक्सची भीती घालणारेही भेटतात. आपल्याकडे वारसा कर 1985 मध्ये बंद झाला, वारशाने मिळालं म्हणून कर नाही, पुढे विकलं तर फायद्यावर आहे.

मृत्युपत्राइतकीच महत्त्वाची एक साधी वही असते, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. कुठल्या बँकेत खातं, लॉकरची चावी कुठे, पॉलिसी किती, डिमॅट कुठे, कोणाला उसने दिलेत, कोणाचे घेतलेत, ॲग्रीमेंटची मूळ प्रत कुठल्या कपाटात. मिस्टरांचं एक खातं आम्हाला चार वर्षांनी सापडलं, जुन्या डायरीत पासबुक निघालं म्हणून. दहा वर्षं कोणी हात लावला नाही की बँकेतले पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात, ते नंतरही मागता येतात आणि 2023 पासून उद्गम नावाचं पोर्टल आहे त्यावर नाव टाकून शोधता येतं, पण शोधायचं आहे हे तर कोणाला माहीत पाहिजे. मृत्युपत्र लॉकरमध्ये ठेवू नका, तो लॉकर उघडायलाच कागद लागतात. घरात ठेवा आणि दोन माणसांना सांगून ठेवा.

मी हे घरात बोलायला लागले तेव्हा मुलगा म्हणाला आई कशाला अशुभ बोलतेस. मी त्याला त्या नोटिशीचं कात्रण दाखवलं, मी जपून ठेवलंय ते. मग तो बसला शेजारी आणि आम्ही दोघांनी मिळून वही लिहिली, लेकीला फोनवर घेतलं, कोणाला काय द्यायचं ते तिघांनी बोलून घेतलं. मुलीला घर हवं होतं, मुलाला नको होतं, मला वाटत होतं बरोबर उलटं. विचारलं नसतं तर मी चुकीचंच लिहिलं असतं. दोन साक्षीदार, एक खालच्या मजल्यावरच्या तरुण डॉक्टर आणि एक मुलाचे सर. 2020 च्या फेब्रुवारीत रजिस्टर केलं.

संपादक महोदय, तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे. ज्या पानावर या नोटिसा येतात त्याच पानावर आठवड्यातून एकदा चार इंचांची जागा द्या, एखाद्या जाणकार वकिलांकडून साध्या मराठीत एकेक गोष्ट लिहून घ्या, नॉमिनी म्हणजे काय, हक्कसोडपत्र म्हणजे काय, वारस दाखला आणि सक्सेशन सर्टिफिकेट यात फरक काय, मृत्युपत्राचा एक साधा नमुना छापा जो लोक कापून ठेवतील. नोटीस वाचायला येणारा माणूस तो कोपराही वाचेल. आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना सांगायचंय की थकबाकीची यादी जशी वर्षाला काढता तशी मयत सभासदांची आणि नॉमिनेशन नसलेल्यांची यादीही काढा आणि त्या घरी स्वतः जा, नोटीस बोर्डावर कागद लावून कोणी येत नाही. आमच्या यंदाच्या वार्षिक सभेत मी हा विषय क्रमांक चारवर घेतलाय, हिशेबाच्या लगेच नंतर, म्हणजे लोक उठून जायच्या आत. 28 पैकी 11 घरांचे फॉर्म अजून यायचे आहेत आणि त्या पाच घरांपैकी दोघांची हक्कसोडपत्रं या महिन्यात होतील असं दिसतंय.

आपली,
एक नियमित वाचक आणि गृहनिर्माण सोसायटीची सेक्रेटरी
(नाव छापू नये ही विनंती)